बीटल्सची दुर्मिळ क्लिप आणि २४ कोटींची गिटार माळ्यावर कशी सापडते?

साठच्या दशकातल्या बीटल्सची एखादी ‘दुर्मिळ क्लिप’ तुमच्या फीडमध्ये अधूनमधून येत असेल. ती दुर्मिळ का? कारण साधं आहे. ती जपून ठेवावी असं तेव्हा फारसं कुणाला वाटलंच नाही.

त्या काळी व्हिडिओ टेप महाग असायची. कार्यक्रम दाखवून झाला की बीबीसी तीच टेप पुसून पुन्हा वापरायची. १६ जून १९६६ रोजी बीटल्स ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये आले, ती टेपही अशीच गेली. २०१९ मध्ये त्यातले ११ सेकंद मिळाले, तेही मेक्सिकोतल्या एका संग्राहकाकडे. लिव्हरपूलच्या एका कुटुंबाने घरच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने टीव्हीचा पडदाच शूट केला होता. आवाज नाही, फक्त चित्र.

यात मुंबईचाही एक धागा आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने फोर्टमधल्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’साठी रेकॉर्डिंग केलं. वादकांमध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चं संगीतही याच वेळी मुंबईत रेकॉर्ड झालं. त्याचा एक वेगळा टेक लोकांना ऐकायला मिळाला थेट २०१४ मध्ये! लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईच्या वादकांबरोबर दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. म्हणजे टेप पुसली नाही, तरी ४३ वर्षं पडून राहू शकते.

गिटारचं काय? पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांत घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये व्हॅनमधून चोरीला गेली. ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि पॉलला परत मिळाल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी मे महिन्यात जॉन लेननची बारा तारांची फ्रामस गिटार २८ लाख ५७ हजार डॉलरना, म्हणजे जवळपास २४ कोटी रुपयांना विकली गेली. तीही माळ्यावरच होती.

पण ही लेननचीच, हे कशावरून? लाकडाच्या रेषांवरून. दोन गिटारींच्या लाकडाच्या रेषा कधी हुबेहूब सारख्या नसतात, त्यामुळे जुन्या फोटोंशी त्या जुळवून पाहतात. म्हणजे तेव्हाचे फोटो आणि चित्रण हेच गिटारचे साक्षीदार. ते गेले, तर किंमतही गेली.

आता आपल्या माळ्याकडे वळू. सोनपेठ-गंगाखेडकडे बीटल्सचं रीळ निघेल असं नाही (निघालं तर आधी आम्हाला सांगा!), पण लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट बऱ्याच घरांत असतात. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरे डाग दिसले, तर ती बुरशी समजा. अशी कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. टेप खराब होतेच, शिवाय प्लेअरच्या हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. फिल्मच्या रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर त्याचं रसायन विघटित व्हायला लागलेलं असतं. ते रीळ इतर रिळांपासून वेगळं, कोरड्या आणि थंड जागी ठेवा आणि जुन्या प्रोजेक्टरवर न चढवता आधी डिजिटल प्रत करून घ्या.