लँडाऊ-क्लेफनर सिंड्रोम : मुलाला बोललेले समजेनासे झाले तर

तीन ते आठ वर्षांचे, नीट बोलणारे मूल काही दिवसांत किंवा महिन्यांत हाकेला ओ देईनासे होते. सांगितलेले त्याला कळत नाही. पुढे बोलणेही आटते. घरच्यांना वाटते, ऐकू येत नाही किंवा मूल हट्टी झाले. श्रवण चाचणी मात्र ठीक येते. अशा वेळी लँडाऊ-क्लेफनर सिंड्रोमची शक्यता तपासावी लागते. १९५७ मध्ये प्रथम वर्णन झालेला हा दुर्मिळ विकार अपस्माराशी संबंधित आहे. कानांना आवाज ऐकू येतो, पण मेंदूला शब्दांचा अर्थ लागत नाही.

बऱ्याच मुलांना फिट येतात, काहींना कधीच येत नाहीत. त्यामुळे फिट नाही म्हणून निश्चिंत राहू नका. जागेपणीचा ईईजी सामान्य येऊ शकतो. झोपेतला ईईजी करायचा का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. जयनगर परिसरातील कुटुंबांना होसूर रोडवरील निम्हान्स आणि त्याच्या जवळची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था सोयीची आहे. जाताना मूल पूर्वी बोलत असतानाचा मोबाइलवरील व्हिडिओ सोबत न्या.

उपचारात अपस्मारविरोधी औषधे आणि अनेकदा स्टिरॉइड देतात. कार्बामाझेपिनसारख्या काही औषधांनी त्रास वाढू शकतो, म्हणून जुन्या चिठ्ठीवरून औषध देऊ नका. चालू औषध स्वतःहून बंदही करू नका. वाचा-उपचार सोबत सुरू हवेत. खाणाखुणा, चित्रे यांनी बोलणे मागे पडेल ही भीती अनाठायी आहे. घरात मराठी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी असेल, तर मूल आधी कोणत्या भाषेत बोलत होते हे थेरपिस्टला सांगा. फिट बहुधा किशोरवयापर्यंत थांबतात, भाषा मात्र प्रत्येकाची पूर्ण परत येतेच असे नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व सरकारी शाळेत मोफत तपासणी होते. पथकाला ‘उशिरा बोलतो’ असे सांगू नका, ‘येत होते ते गेले’ असे सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ या व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख आहे. प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. सुधारणेची शक्यता असल्यास प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे मिळते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निरामय आरोग्य विमा मात्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांनाच लागू आहे; केवळ वाचा-दिव्यांगत्वावर तो मिळत नाही. प्रमाणपत्राची वाट पाहत उपचार थांबवू नका.