अतिरक्तदाबावरील एकौषधी व संयुक्त उपचार

रोहिण्यांतील रक्ताचा दाब सातत्याने वाढलेला असणे म्हणजे अतिरक्तदाब होय. त्यावर एकच औषध वाढत्या मात्रेत द्यावे, की भिन्न रीतीने कार्य करणारी औषधे अल्प मात्रेत एकत्र द्यावीत, हा जुना वाद असून त्याच्या इतिहासाचा एक धागा मुंबईशी निगडित आहे.

मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी सर्पगंधेचा ५० रुग्णांवरील परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. कलकत्त्यात सेन व बोस यांनी १९३१ मध्येच या वनस्पतीविषयी लिहिले होते. पाश्चात्त्यांचे लक्ष मात्र वकील यांच्या निबंधाने वेधले. १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. मोठ्या मात्रेत त्याने काही रुग्णांना तीव्र खिन्नता येते, असे दिसून आल्यावर ते अल्प मात्रेत इतर औषधांच्या जोडीने देण्याकडे कल झाला.

अमेरिकेत एडवर्ड फ्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेसर्पीन, हायड्रालॅझीन व एक थायाझाइड मूत्रल एकत्र देऊन तीव्र अतिरक्तदाबाच्या १४३ रुग्णांची पाहणी केली (१९६७). निरौषध गोळ्या घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांत, तर औषधे घेणाऱ्या ७३ पैकी केवळ दोघांत गंभीर उपद्रव उद्भवले. उपचाराची उपयुक्तता यावरून सिद्ध झाली. एकौषधीशी तुलना मात्र तीत नव्हती.

१९७७ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय समितीने एका औषधाने आरंभ करून पायरीपायरीने दुसरे जोडण्याची पद्धत पुरस्कारिली. तीत दुष्परिणाम कोणत्या औषधाचा हे कळते. परंतु अनेक रुग्ण पहिल्याच पायरीवर राहतात. रक्तदाबाचे नियमन वृक्क, रोहिण्या व तंत्रिका तंत्र मिळून करीत असल्याने एक मार्ग रोखला, तरी इतर मार्ग भरपाई करतात. ४२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२००९) मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसरे औषध जोडल्याने दाब सु. पाचपट अधिक उतरतो, असे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संयुक्त गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्याचा आरंभीच समावेश होता. कुडवा ज्यात आहे तो गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये त्यातूनच वेगळा झालेला आहे. त्यात ठरावीक क्रमाने औषधे वाढविण्यावर व ती अखंड मिळण्यावर भर आहे. वृद्ध व दुर्बल रुग्णांत दाब एकाएकी उतरण्याचा धोका असल्याने तेथे एका औषधाने आरंभ करणे आजही इष्ट मानतात.