शरीराच्या शब्दांनाही जात असते

डोंबिवलीच्या शाळेत मी सहावीत होतो तेव्हा वर्गात आम्ही दोघेच हडकुळे होतो. दुसरा मुलगा बँकेतल्या साहेबांचा. वजनकाट्यावर दोघांचे आकडे जवळजवळ सारखेच. पण गुरुजी त्याला 'सडपातळ' म्हणत आणि मला 'काडीपैलवान'. वर्ग हसे, मीही हसे. पुढे कित्येक वर्षे मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या नाहीत.

घरची भाषा वेगळी होती. 1972 च्या दुष्काळात आम्ही मराठवाड्यातून कल्याणला आलो. वडील मालधक्क्यावर हमाली करीत. 'रोडावला', 'खंगला', 'वाळला', 'पोट खपाटीला गेलं' हे आजीचे शब्द. माणूस मुळात तसा नव्हता, तसा झाला, हे त्या शब्दांतच आहे. सडपातळ असणे हा गुण ठरतो; खंगणे ही घटना असते, आणि घटनेला कारण असते.

अंगाने भरलेल्या माणसाचेही तेच. वरच्या आळीतला लठ्ठ माणूस 'भारदस्त', 'खात्यापित्या घरचा'. आमच्यातला तेवढ्याच अंगाचा माणूस 'आडदांड', 'हेला'. 'धट्टीकट्टी गरिबी' हा शब्दप्रयोग तर गरिबाची भूकच नाहीशी करून टाकतो.

हा केवळ एका गुरुजींचा दोष नव्हे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर 1882 साली निघाले. त्यात माणसे जातवार मांडलेली आहेत. धंदा आणि चालीरीतींबरोबर त्यांचे रूप आणि बांधाही नोंदलेला आहे. ज्याचे शरीर तो गप्प. वर्णन करणारा दुसराच. पुढे रिस्लेने नाकाच्या मापावरून जातीची प्रतिष्ठा जोखण्याचा उद्योग केला. त्याच सुमारास 'लढवय्या जातीं'च्या सिद्धांतापायी महारांची सैन्यभरती बंद झाली. 1818 साली कोरेगावला जे लढले, त्यांच्याच वंशजांची शरीरे आता लढाईला नालायक ठरली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली 111 महार पलटण उभी राहिली. गरज सरली, 1921 साली ती मोडली. पुन्हा युद्ध आले आणि 1941 साली महार रेजिमेंट निघाली. शरीरे तीच होती. लायक-नालायक हे शब्द सरकारच्या गरजेप्रमाणे बदलत होते.

बाबासाहेबांनी हा डाव ओळखला होता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना, ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखली जाते तो टाकून द्या, असे सांगितले. 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी नाकाची तीच मोजमापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, हे त्यांवरून दाखवून दिले. मोजपट्टी जुनीच होती, ती धरणारा हात आमचा होता.

शब्दांचे राजकारण तिथे संपले नाही. 1992-93 साली, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत आदिवासी मुले दगावली. कागदोपत्री शब्द होता 'कुपोषण'. तो ऐकला की प्रश्न आईलाच विचारले जातात: मुलाला काय भरवलेस, किती वेळा भरवलेस? आजी असती तर म्हणाली असती, पोरं उपाशी खंगली. मग प्रश्न रेशनच्या दुकानाला, रोजगाराला आणि सरकारला विचारावा लागला असता.

आज माझी धाकटी मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःला 'जाडी' म्हणते. तिच्या ताटात दोन वेळचे अन्न आहे, याचे मला समाधान आहे. पण तो शब्द ऐकला की गुरुजी आठवतात. मी तिला उपदेश करीत नाही. एवढेच विचारतो, हा शब्द तुला कुणी दिला? आमच्या पिढीने हा प्रश्न फार उशिरा विचारला.