अडसर आणि पीळ : म्हशीच्या कठीण प्रसूतीचे दोन इतिहास

प्रसूती खोळंबली की मराठीत बाई अडते आणि म्हैसही अडते, क्रियापद एकच. ही कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या चार प्रकारांपैकी ‘कील’ म्हणजे खुंटी, ‘परिघ’ म्हणजे दाराचा अडसर. ‘प्रतिखुर’ हे नाव तर मानवी गर्भाला देऊनही खुराची आठवण जागवते. एवढ्यावरून गोठ्यातले ज्ञान सूतिकागृहात गेले असे म्हणणे धाडसाचे ठरेल; पण दार आणि अडथळा ही प्रतिमा दोन्हीकडे समान होती, हे नक्की.

अडथळा ओढून काढायचा असतो. वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसत असेल, तर मादीच्या कळेबरोबर हलका ताण देणे योग्यच. मान मागे वळलेली असताना पायांना दोर बांधून चारचौघांनी ओढले, तर मात्र वासरू अधिकच रुतते. ते आधी आत ढकलून मान सरळ करावी लागते. घाईत, न धुतलेल्या हाताने केलेल्या ओढाताणीत गर्भाशय फाटते, रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो.

चंदीगडभोवतीच्या पंजाब-हरियाणात म्हशींच्या कठीण प्रसूतीचे एक प्रमुख कारण मात्र अडथळा नसतेच. गर्भाशयालाच पीळ पडलेला असतो. म्हैस कळा देते, पाणमोट दिसत नाही, पुढे कळाही मंदावतात. येथे दारच मुरगळलेले, ओढणार काय? उपाय शाफर याच्या नावाने ओळखला जातो. पीळ ज्या बाजूचा, त्या कुशीवर म्हशीला निजवून, पाय बांधून, पोटावर फळी ठेवतात. फळीवर माणूस उभा राहतो आणि म्हैस पिळाच्याच दिशेने लोळवली जाते. गर्भाशय जागी राहते, शरीर फिरून त्याला गाठते. ओढण्याची सवय असलेल्याला हे उफराटेच वाटणार.

या ज्ञानाचा प्रवासही सरळ नाही. लाहोरचे पशुवैद्यक विद्यालय १८८२ चे. फाळणीनंतर १९४८ साली त्याचा भारतातील वारसा हिसारला रुजला. १९६६ साली हिसार हरियाणात गेले, चंदीगड दोन राज्यांची राजधानी झाले. लुधियानाच्या पशुवैद्यांनी फळीची ही रीत म्हशीच्या जड देहासाठी सुधारून घेतली. मुऱ्हा म्हैस मात्र तोवर मुंबईच्या तबेल्यांत पोहोचली होती. तिथे ती अडली, तर मराठी क्रियापद तेच राहिले. शब्दावर सारा दोष ढकलणे अन्यायाचे होईल; मराठी न बोलणाऱ्या पंजाबी गोठ्यातही दोर आधी शोधला जातो.