मोहाच्या दारूची पारख

द्राक्षांचे तांबडे मद्य चषकात घोळवावे, रंग उजेडात निरखावा, वास घ्यावा, मग घोट जिभेवर खेळवून झिन्फान्डेलसारखे मूळ द्राक्ष कोणते व त्यात मिसळ कशाची हे ओळखावे, ही विद्या नाशिकच्या मद्यशाळांमुळे नागर लोकांस आता परिचित झाली आहे. नंदुरबारच्या सातपुड्यात पारखीची एक विद्या याहून कितीतरी जुनी आहे; मात्र तिला विद्या म्हणण्याचे सौजन्य फारसे कोणी दाखविले नाही.

फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. बायकामुले ती वेचतात, वाळवितात. वाळल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती काही दिवस पाण्यात आंबवून मडक्यांच्या भट्टीवर गाळली म्हणजे दारू उतरते. जाणकार तिचे थेंब विस्तवावर टाकतो; भडका उडाला तर कसदार, न उडाला तर पाणचट. आणि प्यावयाच्या आधी देवांच्या व पूर्वजांच्या नावाने चार थेंब भूमीवर पडतात.

या अग्निपरीक्षेस हसण्याचे कारण नाही. इंग्रजांची कसोटीही मुळात हीच होती. बंदुकीची दारू मद्यात भिजवून ते पेटवीत; पेटली तर मद्य ‘प्रूफ’ ठरे. (मराठीत दोन्ही पदार्थांस दारूच म्हणतात, हीही एक मौजच!) 1816 मध्ये त्यांनी साइक्सच्या तरत्या मापकास कायद्याची मान्यता दिली आणि विस्तवाची जागा आकड्याने घेतली.

तो आकडा पुढे खानदेशात आला. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद पाडून सरकारी देखरेखीच्या कारखान्यांत दारू गाळण्याचा व विक्रीचे मक्ते देण्याचा क्रम पडला. दुकानी माल मुख्यतः दोन जातींचा असे: प्रूफखाली 25 अंश आणि प्रूफखाली 60 अंश, म्हणजे शेकडा सुमारे 43 व 23 भाग मद्यार्क. मापकास एवढेच कळे, आणि कर बसविण्यास तेवढेच पुरे. वास कसा, फूल कोणत्या रानाचे, याला सरकारी वहीत रकाना नव्हता. ज्याला हे सारे कळे, तो स्वतःच्या अंगणातील भट्टीपुरता गुन्हेगार व मक्तेदाराच्या दुकानी गिऱ्हाईक झाला.

1922 मध्ये पालघरकडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांतून निघालेली देवीची चळवळ डोंगरांतून पसरत डांग, सुरत व पश्चिम खानदेशाकडे आली. नंदुरबार तेव्हा याच जिल्ह्यात होते. अंगात आलेल्यांच्या मुखाने देवी सांगे: दारूताडी सोडा, रोज स्नान करा. हजारोंनी सोडली. हा केवळ मद्यनिषेधाचा उपदेश समजणे उथळपणाचे होईल. गाळण्याचा हक्क ज्यांचा गेला, त्यांनी विकत घेण्याचे नाकारले. मक्तेदाराला त्याचा अर्थ तत्काळ समजला. 1938 च्या सुमारास तळोदे तालुक्यात मोरवडच्या गुला महाराजांच्या आरतीस जमणाऱ्या समुदायांनीही दारू वर्ज्य केली.

1949 मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्षमद्यास उत्तेजन देणारे धोरण आखले. मोहफुलांच्या साठवणीवरील निर्बंध 2021 मध्ये सैल झाले, तरी घरी दारू गाळणे गुन्हाच राहिले. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने मात्र 2022 मध्ये मोहाच्या दारूस वारशाचे मद्य म्हणून मान्यता दिली. अलीराजपुरास तीच दारू आता बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून विकतात.