सीताफळाच्या कुळापासून नगरच्या डोंगरापर्यंत

कमल रणदिवे यांना आपण कर्करोग संशोधक म्हणून ओळखतो. अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा त्यांनी १९८९ मध्ये नोंदवलेला अभ्यास मात्र निवृत्तीनंतरचं समाजकार्य म्हणून एका ओळीत उरकला जातो. ही वाटणी मला पटत नाही. पेशीनं कधी विभागायचं आणि कधी थांबायचं, यात तिच्या भोवतालाचा वाटा किती, हा एकच धागा मला त्यांच्या कामात आरपार दिसतो. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी करताना त्यांनी सीताफळाच्या कुळातली गुणसूत्रं अभ्यासली. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली उंदरांचे चार वाण घेतले, स्तनकर्करोगाकडे कमीअधिक कल असलेले, आणि तुलना केली ती गाठींची नव्हे, निरोगी स्तनग्रंथींची. विभाजन बेलगाम होण्याआधी ग्रंथीत काय वेगळं असतं, हे त्यांना पाहायचं होतं. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या कर्करोगाच्या प्रसिद्ध हेला पेशी १९५१ मध्ये वाढल्या त्या याच प्रयोगशाळेत. गाय यांच्या पद्धतीत काचेच्या नळ्या संथ फिरत्या पिंपात बसवत. नळीतल्या पेशी घटकाभर अन्नद्रवात भिजत, घटकाभर हवेत येत. अन्न बिघडलं की वाढ थांबे. हे तंत्र घेऊन परतल्यावर त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

विभाजनाची किल्ली तर हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांनी यीस्ट आणि सागरी अर्चिनच्या अंड्यांत शोधली, असं कुणी म्हणेल. खरं आहे. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं, रणदिवे गेल्या त्याच वर्षी. ते श्रेय रणदिव्यांना देता येणार नाही. पण किल्ली पेशीच्या आत असली तरी ती फिरते बाहेरच्या निरोपांवर: संप्रेरकं, अन्न. मुलाची उंची वाढते ती हाडांच्या टोकांशी कूर्चेतल्या पेशी विभागतात म्हणून, आणि पोटात पुरेसं पडत नसेल तर शरीर तिथलं विभाजन मंदावतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कुपोषणाचं मूळ दारिद्र्यात आहे, पेशीत नाही. मान्य, पण दारिद्र्य मुलाच्या हाडापर्यंत पोचतं ते याच वाटेनं. आणि उपाय सूक्ष्मदर्शकाखाली नाही हे रणदिव्यांनी ओळखलं होतं. म्हणून तर १९७३ मध्ये ज्या ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’च्या स्थापनेत त्या पुढे होत्या, तिच्याच मार्फत त्यांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं.