कराची–बीदर हवाई मार्ग : १९४८ मधील अंतर व काल यांचा विचार

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षाचा विचार करताना राजकीय वाटाघाटींना जितके महत्त्व दिले जाते, तितके भूगोलाला दिले जात नाही. वस्तुतः या संस्थानाची मूळ अडचण भौगोलिक होती. त्याच्या सीमा चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेल्या होत्या आणि त्यास समुद्रकिनारा नव्हता. मुरगाव बंदर पोर्तुगिजांकडून मिळविण्याची खटपट झाली ती याच कारणाने, व ती निष्फळ ठरली. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर परस्परांतील तेढ वाढत गेली. बाहेरून शस्त्रे आणावयाची तर आकाशमार्गाखेरीज दुसरी वाट उरली नाही.

ही वाट सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने उपलब्ध करून दिली. १९४८ च्या उन्हाळ्यानंतर त्याची लँकास्ट्रियन विमाने कराचीहून शस्त्रे घेऊन संस्थानात उतरू लागली. बीदर व वरंगळ ही त्यांची उतरण्याची ठिकाणे होती. कराची ते बीदर हे सरळ अंतर सुमारे १,३२० किलोमीटर, म्हणजे त्या विमानाच्या वेगाने जेमतेम चार तासांचे आहे. नकाशावर ही रेषा ओढली असता ती सौराष्ट्र, सुरत, नाशिक आणि बीड या प्रदेशांवरून येऊन चाकूरच्या दक्षिणेस अगदी जवळून जाते. प्रत्यक्ष उड्डाणे याच रेषेने झाली असे नव्हे. तथापि दोन विमानतळांमधील बरेचसे अंतर भारतीय प्रदेशावरचे होते, हे तीवरून स्पष्ट होते.

चाकूरचा परिसर त्या काळी बीदर जिल्ह्यात मोडत असे. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले; लातूर जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी चार तासांत कराचीहून विमान येत होते. चाकूरपासून ते ठिकाण सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच; परंतु बैलगाडीने जाणाऱ्यास तोच प्रवास कित्येक दिवसांचा होता.

हवाई मार्गाने काल आकुंचित केला, परंतु भार वाहून नेण्याची शक्ती दिली नाही. लँकास्ट्रियन हे मूळच्या लँकास्टर बाँबफेकी विमानाचे नागरी रूप. त्यात काही टनच माल मावे. मालगाडीच्या एखाद्या वाघिणीहूनही तो कमी भरे. बंदुका व दारूगोळा आणता आला, पण रणगाडे, इंधनाचा साठा आणि जनतेच्या गरजेच्या वस्तू यांची वाहतूक त्या मार्गाने होणे अशक्य होते. शिवाय विमान उतरण्यास धावपट्टी लागते, आणि धावपट्टी ही जमिनीवरच असते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या आधिपत्याखालील मुख्य दळ सोलापूरहून निघाले व त्याच दिवशी नळदुर्ग त्याच्या हाती आला. सोलापूर ते सिकंदराबाद हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर. कराची–बीदर अंतराचा चतुर्थांशही नव्हे. त्यास विमानाचे चार तास नव्हे, पाच दिवस लागले. १७ सप्टेंबर रोजी पहाटे भारतीय सैन्य बीदरमध्ये शिरले व त्याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. मंदगती मार्गाने द्रुतगती मार्गाचे टोकच ताब्यात घेतले.

तेव्हा दोन विमानतळांमधील अंतर तासांत मोजून राज्याची संरक्षणशक्ती ठरविणे भ्रामक ठरते. त्या तासांत किती भार येतो आणि तो उतरतो ती भूमी कोणाच्या हाती राहते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तो काल अर्थशून्य आहे. १९४८ च्या हैदराबादचा निर्णय या दुसऱ्या प्रश्नावर झाला.